मंत्र, उतारा आणि आळ : भंडारा जिल्ह्यातल्या जादूटोण्याचा आढावा

महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याला बारा कलमांची एक अनुसूची जोडलेली आहे. कोणकोणती कृत्ये गुन्हा ठरतील, याची ती यादी. अमुक माणूस करणी करतो, भूत लावतो असे म्हणणे गुन्हा आहेच. पण त्याच ओळीत, त्याने मंत्रतंत्राने जनावराचे दूध आटवले असे म्हणणेही गुन्हा ठरवले आहे. हे कलम २०१३ सालचे. शहरातल्या वाचकाला ते वाचून हसू येईल. भंडारा, तुमसर, मोहाडी, लाखनी, साकोली, पवनी, लाखांदूर या सात तालुक्यांतल्या जुन्या माणसाला येणार नाही. म्हैस एकाएकी आटली की चाऱ्याची चौकशी नंतर होते. गोठ्याकडे कोण येऊन गेले, हे आधी विचारले जाते, हे त्याने पाहिलेले असते.

हा प्रश्न पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीपुरता नाही. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या इंग्लंडात गाय आटली, घुसळूनही लोणी वर येईना, की शेजारच्या म्हातारीकडे बोट जायचे. असल्या तक्रारी तिथल्या न्यायालयांत साक्षी म्हणून नोंदवल्या गेल्या आणि त्यांवरून बायका फासावर गेल्या. नंतर इंग्लंडने कायदा बदलला, आरोपीची खुर्ची बदलली. आपणही ती बदलली, पण सुमारे पावणेतीनशे वर्षांनी. मधल्या काळात दोन्हीकडे मंत्र चालूच राहिले.

या विषयावर बोलताना आपण सगळे एकाच टोपलीत टाकतो. दारावरचे लिंबू, विंचवाचा मंत्र, सासूचा तळतळाट, गावाबाहेरचा उतारा आणि एखाद्या बाईला खांबाला बांधून झालेली मारहाण, या सगळ्याला एकच नाव, अंधश्रद्धा. त्यामुळे होते असे की, लिंबू टांगणारा स्वतःला गुन्हेगार समजत नाही आणि मारहाण करणारा स्वतःला लिंबू टांगणाऱ्याइतकाच निरुपद्रवी समजतो. म्हणून या आढाव्यात चार कप्पे केले आहेत : राखण, उतारा, शाप आणि आळ. पहिल्यापासून चौथ्यापर्यंत जाताना काय बदलते, ते पाहायचे.

राखण

लेकरू दिवेलागणीला किरकिर करू लागले की घरातली मोठी बाई मुठीत मीठ, मोहरी आणि दोन-चार लाल मिरच्या घेते. लेकराला दाराकडे तोंड करून बसवते, डोक्यापासून पायापर्यंत मूठ ओवाळते आणि तोंडाने पुटपुटत राहते. मग मूठ चुलीत. मोहरी तडतडते. मिरचीचा ठसका लागला तर नजर साधीच होती. ठसका लागलाच नाही, तर मोठी होती. लेकरू एव्हाना तडतड ऐकून गप्प झालेले असते.

या पुटपुटण्याकडे लक्ष द्यायला हवे. त्यात आल्यागेल्यांची, घरच्यांची, दारच्यांची, भुताखेतांची, अगदी आईबापाचीही नजर काढली जाते. यादी लांबलचक असते आणि तीत नाव एकाचेही नसते. नजर लागली हे मान्य, कुणाची ते विचारायचे नाही. सगळ्यांवर थोडे-थोडे ढकलून मोकळे व्हायचे आणि रात्री शेजारणीकडे विरजण मागायला जायचे. ही पद्धत ज्यांनी घडवली त्यांना गावात राहायचे होते.

हाच शहाणपणा पोळ्याच्या पाडव्याला मोठ्या प्रमाणावर दिसतो. आदल्या दिवशी बैलांची पूजा होते. खेड्यापाड्यांत दारांशी पळसाच्या डहाळ्या लावतात. दुसऱ्या दिवशी पहाटे पोरे त्या गोळा करतात आणि गावातली रोगराई, खोकला, डास, ढेकूण, सगळी ईडापीडा घेऊन जा असे मारबतीला ओरडून सांगत गावाबाहेर नेतात. झाडीत आणि शेजारच्या बालाघाटकडे याच विधीला नारबोद म्हणतात. धानाची रोवणी उरकलेली असते, बांध्यांत पाणी साचलेले असते आणि तापाचे दिवस सुरू झालेले असतात. गावाने मिळून आजार हाकलायचा असेल तर याहून नेमकी वेळ नाही.

नागपूरच्या काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांच्या मिरवणुका हे याच विधीचे शहरी रूप. त्या १८८०च्या दशकात सुरू झाल्या. काळी मारबत मात्र इंग्रजांना सामील झाल्याचा आरोप असलेल्या भोसले घराण्यातल्या बाकाबाईच्या नावाने ओळखली जाते. खेड्यातली मारबत बिननावाची, शहरातलीला नाव चिकटले. एका राणीच्या बाबतीत ते राजकारण ठरले. खेड्यातल्या एका विधवेच्या बाबतीत काय ठरते, ते पुढे येईलच.

राखणीची साधने जगभर थोड्याफार फरकाने तीच असतात. छत्तीसगडात हरेलीच्या सणाला लोहार घराच्या चौकटीत खिळा ठोकतो आणि दारावर कडुनिंबाची डहाळी खोचली जाते. इंग्लंडात दारावर घोड्याची नाल, गोठ्यात भोक असलेला गोटा, दाराजवळ रोवन नावाचे झाड. तिथे जुनी घरे पाडताना चुलीखाली आणि उंबऱ्याखाली पुरलेल्या बाटल्या सापडतात, आत टाचण्या, खिळे, केस, नखे आणि मूत्र. भिंतींत लपवलेले जुने जोडेही इतके सापडले की नॉर्थम्प्टनच्या संग्रहालयाने त्यांची स्वतंत्र नोंदवही ठेवली आहे. लोखंड, काटा, कडू पाला आणि उंबरठा : घर कुठे संपते आणि बाहेरचे कुठे सुरू होते, हे ठरवण्याची ही जुनी रीत आहे. यात कुणाचे नुकसान नाही. दोन रुपयांच्या लिंबासाठी समाजसुधारकांनी फार दम खर्चू नये.

उतारा

पीडा आत शिरलीच तर ती उतरवायची. विंचू उतरवणारा, कावीळ उतरवणारा, फुंकून पाणी देणारा, गंडा बांधणारा अशी माणसे गावोगाव असत आणि अजून आहेत. जिल्ह्यात त्यांना पुजारी, जाणता, मांत्रिक अशी नावे आहेत. गोंडांच्या वस्तीत भूमक देवकार्य पाहतो. या मांत्रिकांच्या मंत्रांना साबरी मंत्र म्हणतात. भाषा मराठी-हिंदीची सरमिसळ, त्यात गोरखनाथाची आण, हनुमानाची दुहाई आणि मंत्र फळला नाही तर देवालाच दिलेली धमकी. शके १७४१ म्हणजे १८१९ साली पूर्ण झालेल्या मालूकवीच्या ‘नवनाथ भक्तिसार’ने या साबरी विद्येचे मूळ मच्छिंद्रनाथाशी जोडले आणि ती पोथी घरोघर पोचली, तेव्हा या मंत्रांना पोथीची प्रतिष्ठाही मिळाली.

या विद्येचे नियम ठरलेले. मंत्र ग्रहणात सिद्ध करायचा, वाटेल त्याला सांगायचा नाही, विष उतरवल्याचे पैसे घ्यायचे नाहीत. घेतले तर मंत्र जातो. इंग्लंडच्या डेव्हन-कॉर्नवॉल भागातल्या मंत्र घालणाऱ्यांचेही नियम जवळपास असेच. तेही पैसे घेत नसत, रोग्याने आभारसुद्धा मानायचे नाहीत, आणि मंत्र पुरुषाने बाईला, बाईने पुरुषाला द्यायचा. भाजणे, रक्त वाहणे, चामखीळ, दातदुखी यांवर त्यांचे मंत्र होते. त्यांत गोरखनाथाऐवजी येशू आणि पीटर येत. फुकट देणारा मांत्रिक आणि दुकान मांडून बसलेला बाबा यांत म्हणूनच फरक करावा लागतो. पहिला गावाचा विश्वासू असतो. दुसऱ्याला गिऱ्हाईक लागते आणि गिऱ्हाईक टिकवायला भीती लागते.

मंत्राने गुण येतो तो कसा, याचे उत्तर शरीरात आहे. अ प्रकारची कावीळ काही आठवड्यांत बहुतेकांची आपोआप बरी होते. मांत्रिक रोज सकाळी रोग्याचे हात चुन्याच्या पाण्यात धुतो, पाणी पिवळे होते, कावीळ उतरताना डोळ्यांनी दिसते. हातांना आधीच आंब्याच्या सालीचा रस लावलेला असतो आणि चुन्याशी गाठ पडली की तो पिवळा रंग देतो. लिंबातून निघणारे रक्त म्हणजे सुरीला लावलेले मिथाइल ऑरेंज. आम्ल लागले की ते लाल होते. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते शाळाशाळांतून हे प्रयोग करून दाखवतात आणि आठवीतल्या पोरांना ते चटकन कळतात.

सापाचे गणित जास्त घातक आहे. भंडारा हा धानाचा जिल्हा. बांधीत बेडूक, पुंजण्यात उंदीर आणि त्यांच्या मागे साप. भारतात माणसे मारणारे मुख्य साप चार : नाग, मण्यार, घोणस, फुरसे. बाकी बहुतेक जाती बिनविषारी, आणि विषारी सापही दर वेळी पुरेसे विष सोडतोच असे नाही. म्हणून मांत्रिकाकडे आणलेल्या दहातले बरेचसे कसेही वाचणारच असतात. वाचलेला माणूस आयुष्यभर मांत्रिकाचे नाव घेतो. गेलेल्याचे नशीब वाईट होते. हिशेबाची ही वही कधीच खोटी ठरत नाही.

मण्यार ही वही फाडते. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंशाची खूण जेमतेम दिसते, सूज नाही, आग नाही. पहाटे पोटात दुखू लागते, मग पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, श्वास मंदावतो. घरच्यांना वाटते, काही बाहेरचे लागले. मांत्रिकाला बोलावण्यात दोन-तीन तास जातात आणि तेवढ्यात श्वासाचे स्नायू लुळे पडतात. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. बहुतेक मृत्यू खेड्यांत आणि पावसाळ्यात. जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला २०१७ मध्ये दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत घातले आणि केंद्र सरकारने २०२४ मध्ये आखलेल्या कृती आराखड्याचे उद्दिष्ट आहे, २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणणे. कुत्रा, साप, विंचू चावल्यावर औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हाही कायद्याच्या अनुसूचीतला गुन्हा आहे.

तेव्हा उताऱ्याबद्दल निकाल असा की, तो स्वतः मारत नाही, त्याला लागणारा वेळ मारतो. चामखिळीवर मंत्र घाला, मण्यारीवर नको.

शाप

शाप हा दुबळ्याचा दावा असतो. ज्याला पाटलाकडे, तहसीलदाराकडे, न्यायालयाकडे दाद मिळत नाही, तो हात वर करून बोलतो. ‘गरिबाचा तळतळाट घेऊ नये’ ही म्हण गावात अजून कायद्याइतकी चालते. वाटणीत फसवलेला भाऊ, मजुरी बुडालेली बाई, यांच्यापाशी शेवटचे हत्यार तेवढेच उरते.

पण शाप केवळ दुबळेच देत नसत. विदर्भावर राज्य केलेल्या वाकाटकांच्या ताम्रपटांत जमीन दान दिल्यावर शेवटी बजावलेले असते की, हे दान जो कोणी हिरावून घेईल त्याला लाख गाई मारल्याचे पाप लागेल. शिलाहार आणि यादवांच्या काळात कोकणात आणि इतरत्र गधेगाळ उभे राहिले. दानपत्राखाली गाढव आणि स्त्रीचे चित्र कोरून, आज्ञा मोडणाऱ्याला अत्यंत ओंगळ शिवी दगडावर कायम केलेली. मरणानंतर आपला हुकूम कोण पाळणार, ही धास्ती राजालाही होती. तिथे सैन्य उपयोगी नव्हते.

इंग्लंडातल्या बाथ गावच्या गरम पाण्याच्या कुंडातून शिशाचे सुमारे १३० पत्रे निघाले. रोमन अमलातल्या साध्यासुध्या लोकांनी ते सुलिस मिनर्व्हा या देवीच्या नावाने लिहून, गुंडाळून पाण्यात सोडले होते. कुणाचा अंगरखा चोरीला गेला, कुणाचे हातमोजे, कुणाची नाणी. चोर पुरुष असो की बाई, दास असो की स्वतंत्र, त्याला झोप लागू देऊ नकोस, अशा अर्थाचा मजकूर. पोलीस ठाणे नसलेल्या गावातली ही फिर्यादच. काही पत्र्यांवर संशयितांची नावेही आहेत. पण पुष्कळसे ‘जो कोणी’ला उद्देशून आहेत.

हा ‘जो कोणी’ महत्त्वाचा. ताम्रपटातला शाप जो कोणी मोडेल त्याला, दारावरची नजर जी कुणाची असेल तिची, मारबत सगळ्या गावाची. जुन्या मंत्रविद्येचा पुष्कळसा भाग बिननावी आहे. रागाला वाट मिळते आणि बळी लागत नाही.

या कप्प्यात एक काळी बाजूही आहे. शांती, वशीकरण, स्तंभन, विद्वेषण, उच्चाटन आणि मारण ही तंत्रातली षट्कर्मे. त्यांतले मारण, त्याचे गावठी रूप असलेली मूठ मारणे, बाहुलीत टाचण्या टोचणे, यांत नाव घ्यावेच लागते. आज याचा बाजार आहे. गुप्तधन काढून देतो, पैशांचा पाऊस पाडतो असे सांगून लुबाडणाऱ्या टोळ्या विदर्भात वारंवार पकडल्या जातात. मांडूळ, घुबड, खवले मांजर यांची तस्करी याच भ्रमापायी होते. कोका आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडला ही अभयारण्ये ज्या जिल्ह्यात आहेत, तिथे वाघाच्या नखामिशांना ताईताचे मोल असणे हा वनखात्याचाही प्रश्न आहे. मूठ मारून कुणी मेल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही. मूठ मारली या संशयाने मारलेली माणसे मात्र पंचनाम्यांत आहेत.

आळ

आळ कसा येतो, ते टप्प्याटप्प्याने पाहण्यासारखे आहे. घरात आजार हटत नाही. औषध झाले, सुई झाली, पैसा गेला. कुणी सांगते, एकदा दाखवून तर घ्या. पुजारी धानाचे चार दाणे हातात घेतो, जोड्या लावतो, विषम आले की मान हलवतो. कुठे सूप टेकवून ते कोणत्या नावाला हलते ते पाहतात. इंग्लंडातही चोर शोधायला कात्रीच्या टोकांवर चाळणी टांगून नावे घेत आणि चाळणी फिरली की चोर सापडे. धान्य पाखडायची, चाळायची साधनेच दोन्हीकडे न्यायाधीश झाली. भुसा आणि दाणा वेगळा करणाऱ्या वस्तूला माणसेही पाखडता येतील, असे वाटले असावे.

मुरलेला पुजारी नाव क्वचितच घेतो. तो खुणा सांगतो. घराच्या उगवतीला राहते, वयाने मोठी आहे, तिच्याशी तुमचे बोलणे तुटलेले आहे. बाकीचे काम घरचेच लोक करतात. बोलणे कुणाशी तरी तुटलेले असतेच. इंग्लंडातल्या जादूच्या ऱ्हासावर १९७१ साली गाजलेला ग्रंथ लिहिणारे इतिहासकार कीथ थॉमस यांनी तिथल्या खटल्यांतून नेमके हेच दाखवले : दारात आलेल्या म्हातारीला रिकाम्या हाताने परत पाठवले, ती काहीतरी पुटपुटत गेली आणि मग घरात आजारपण आले. आधी भांडण, मग आजार, मग नाव. आपल्याकडे भांडण बांधाचे, पाण्याचे, वाटणीचे किंवा निवडणुकीचे असते. म्हणून नाव नेहमी अशाच्या वाट्याला येते, ज्याच्या मागे कुणी उभे राहणार नाही : विधवा, निपुत्रिक, एकटा म्हातारा, वस्तीतले संख्येने कमी असलेले घर.

हा आजार असतो तरी कोणता? पूर्व विदर्भात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. हा रक्ताचा आनुवंशिक विकार. आई आणि बाप दोघेही वाहक असले तर दोघेही धडधाकट दिसतात, पण प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक. त्या लेकराला एकाएकी हाडे मोडल्यासारख्या वेदना उठतात, डोळे पिवळे होतात, आठवड्याने ते हसते-खेळते होते आणि पुन्हा तेच. एकाच घरातली दोन लेकरे अशी जातात, शेजारची सगळी ठणठणीत राहतात. करणी कशी दिसावी असे कुणी विचारले तर याहून चोख वर्णन करता येणार नाही. मेंदूवर गेलेल्या हिवतापात माणूस बडबडतो, झटके येतात. तेही अंगात आल्यासारखे दिसते. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सुरू केलेल्या मोहिमेत २०४७ पर्यंत सिकलसेल संपवण्याचे उद्दिष्ट आहे. तिच्यातली रक्ततपासणी हा करणीवरचा सर्वांत मोठा उतारा ठरू शकतो, कारण ती ‘माझ्याच घरात का?’ या प्रश्नाचे उत्तर देते. अंधश्रद्धेवरच्या भाषणाला ते देता येत नाही.

आळ आल्यावर काय होते, ते भंडाऱ्याच्या आजूबाजूच्या जिल्ह्यांनी अलीकडे पाहिले. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात वणी खुर्द येथे दलित कुटुंबांतल्या सात जणांना जादूटोण्याच्या संशयावरून भर चौकात खांबांना बांधून मारले. त्यांत म्हातारी माणसे आणि बायकाही होत्या. मे २०२४ मध्ये गडचिरोलीतल्या एटापल्ली तालुक्यात बारसेवाडा येथे एक बाई आणि एक पुरुष यांना याच संशयाने जिवंत जाळले. दोन्हीकडे मारणारे परके गुंड नव्हते, गावकरी होते. चौकात मारतात तेव्हा पाहणारेही सामील असतात, आणि साक्ष द्यायला नंतर कुणी उरत नाही.

विरोधाची परंपरा

या सगळ्याला विरोध बाहेरून आला, असा एक समज आहे. विदर्भात तो घरातूनच आला. गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) कीर्तनातून नवस, बळी आणि अंगात येण्याची थट्टा केली. तुकडोजी महाराजांच्या (१९०९–१९६८) खंजिरीने आणि ‘ग्रामगीते’ने तेच काम गुरुदेव सेवा मंडळांच्या मार्फत गावच्या प्रार्थनेत नेले. ज्या भंडारा मतदारसंघात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५४ ची पोटनिवडणूक लढले आणि हरले, तिथल्या हजारो कुटुंबांनी १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर जुने देवदेवस्की, उतारे आणि गंडेदोरे सोडले. एका पिढीत इतके मोठे बदल कुठल्या कायद्याने झाल्याचे दिसत नाही.

तिसरा प्रवाह जिल्ह्याबाहेर फारसा माहीत नाही. नागपूरच्या बाबा जुमदेवजींनी उभा केलेला परमात्मा एक सेवक मंडळाचा पंथ भंडारा जिल्ह्यात, विशेषतः मोहाडी-तुमसरकडे, घट्ट रुजला आहे. एकच भगवंत, दारू नाही, बळी नाही, मांत्रिक नाही, ही त्याची शिकवण. पुष्कळ कुटुंबे आजारपणाने आणि मांत्रिकांनी नागवल्यावर या मार्गात आली. मार्च २०२४ मध्ये मोहाडीतल्या एका धार्मिक कार्यक्रमात जुमदेवजींबद्दल अनुदार उद्गार निघाले तेव्हा सेवक मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. यावरून त्यांचे बळ कळते. इथेही उपचार बराचसा प्रार्थनेचा आणि तीर्थाचाच, हे खरे. दवाखान्याची जागा प्रार्थनेने घेऊ नये, हे त्यांनाही सांगायला हवे. पण शेजारणीचे नाव काढणारा पुजारी त्यांनी घराबाहेर काढला, हे श्रेय त्यांचे.

चौथा प्रवाह संघटित विवेकवाद्यांचा. श्याम मानव यांची अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती १९८२ साली नागपुरातच सुरू झाली आणि डॉ. नरेंद्र दाभोलकरांची महाराष्ट्र समिती १९८९ मध्ये. चमत्काराचे प्रयोग, आव्हाने, शिबिरे आणि शेवटी कायद्याचा आग्रह असा हा प्रवास झाला.

कायदा कुठे पोचतो

सुमारे अठरा वर्षे रखडलेला कायदा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाल्यावर त्याच आठवड्यात वटहुकूम म्हणून आला आणि डिसेंबरमध्ये नागपूर अधिवेशनात मंजूर झाला. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे, दंड पाच हजार ते पन्नास हजार रुपये, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, आणि पोलीस ठाण्यांसाठी दक्षता अधिकारी. कीर्तन, प्रदक्षिणा, यात्रा, व्रते यांना हात लावलेला नाही. बिहार, झारखंड, छत्तीसगड, ओडिशा यांनीही कायदे केले. छत्तीसगडचा २००५ चा कायदा टोनही, म्हणजे चेटकीण, म्हणून छळल्या जाणाऱ्या बायकांच्या बाजूने उभा राहतो.

महाराष्ट्राच्या कायद्याची खरी किंमत इंग्लंडकडे पाहिल्यावर कळते. तिथे १६८२ मध्ये बिडफर्डच्या तीन बायकांना चेटकाच्या आरोपावरून फाशी झाली. मग १७३५ च्या कायद्याने उलटे केले : चेटूक हा गुन्हा राहिला नाही, चेटूक येते असा दावा करणे हा गुन्हा ठरला. गाव मात्र लगेच बदलले नाही. १७५१ मध्ये ट्रिंगजवळ जमावाने रूथ ऑस्बर्न या वृद्धेला तळ्यात बुडवून मारले. फरक पडला तो त्यानंतर. जमावाचा म्होरक्या थॉमस कॉली याला खुनी ठरवून फाशी दिली गेली. गावातले मंत्र घालणारे पुढे दीडशे वर्षे टिकले, पण म्हाताऱ्यांना बुडवणाऱ्यांना आपण पुण्य करत नाही, हे कळत गेले.

कीथ थॉमस यांनी आणखी एक अडचणीचे निरीक्षण नोंदवले आहे : इंग्लंडात जादूवरचा विश्वास चांगली औषधे येण्याच्या आधीच ओसरू लागला होता. म्हणजे दवाखाना पुरेसा नसतो. आपल्याकडेही पीएच्‌. डी. झालेले लोक गाडीला लिंबू बांधतात. औषधाने आजार जातो. आपले दुःख कुणीतरी केले आहे, ही समजूत जात नाही. ती जाते आनुवंशिकतेसारख्या उत्तराने, आणि तिच्यापायी हात उचलणाऱ्याला शिक्षा होते तेव्हा.

शेवटी एवढेच. राखण लोकांवर सोडून द्यावी, तिच्यात गावाचे शहाणपण आहे. उतारा वेळ न खाता झाला तर झाला. साप चावला तर आधी १०८. शाप ऐकला तर कुणावर अन्याय झाला आहे, ते विचारावे. चौथ्या कप्प्याला मात्र अजिबात सूट नको. घरात, पारावर, बचतगटाच्या बैठकीत, व्हॉट्सॲपच्या गटात ‘तिनेच केलं’ असे वाक्य पहिल्यांदा निघेल, तेव्हाच ते थांबवायचे असते. त्याच दिवशी पोलीस पाटलाला, आशाताईला सांगा, ११२ वर फोन करा. नुसते नाव घेणे हाच २०१३ पासून गुन्हा आहे. मारहाण होईपर्यंत थांबण्याची गरज नाही.